बेस कोण वाजवतं?

माळ्यावरून लाल गिटार खाली घेतली तर आधी काजळी पडली. डोक्यावर, खांद्यावर, चहाच्या कपात. साखर कारखान्याच्या वसाहतीत राहिलेल्या माणसाला ही काजळी नवी नाही. हंगाम सुरू झाला की ती चिमणीतून उडते, वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टावर येऊन बसते आणि झटकायला जावं तर जास्तच पसरते. तिला फुंकर घालायची असते, हात लावायचा नसतो. हे शिकायला माझ्या बायकोला दोन हंगाम लागले होते.

क्वार्टर रिकामं करायचं होतं. कारखान्यानं आमच्यासारख्या काही जणांना वेळेआधीच निरोप दिला, त्याबद्दल तक्रार नाही. भांडी गेली, कपाट गेलं, देव गेले. बायको केडगावच्या घरी जाऊन नवे पडदे लावून बसलीसुद्धा. श्रीगोंद्याच्या ह्या उसाच्या मुलखात राहिलो मी आणि माझ्या चार बेस गिटारी. भिंतीला टेकवून ठेवल्या तर चार पाहुण्या आल्यासारख्या दिसत होत्या, कुणी बसा न म्हटलेल्या.

बायकोचा फोन आला. "त्यातल्या किती आणताय?"

"बघतो."

"बघता काय? इथं खिळा एकाच भिंतीत ठोकलाय. एक आणा."

"एकही नाही आणली तर?"

"मग इतकी वर्षं जपल्या कशाला?"

ह्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. समोरासमोर देण्यासारखं असतं तर एव्हाना दिलं असतं. ते असं आहे. ज्या नोकरीवर हे क्वार्टर मिळालं, लग्न झालं, लोक अहो-जाहो करायला लागले, ती नोकरी मला मिळालेली नव्हती. ती भानुदासला मिळाली होती. भानू माझा मित्र, पाथर्डीकडचा, आमच्या ऑर्केस्ट्रा पार्टीतला बेंजोवाला. त्याच्या नावाच्या जागी माझं नाव लिहिलं गेलं, आणि मी ते लिहू दिलं. भानूला हे ठाऊक नव्हतं. त्याला जाऊन सांगायचं, की आपल्याबरोबरच संपवायचं, एवढंच त्या रिकाम्या खोलीत माझ्यापुढं उरलं होतं.

पहिली बेस ही खरं तर बेस नव्हतीच. केडगावात नगर-पुणे रस्त्यावर वडिलांचं सायकलचं दुकान होतं. रबर सोल्युशनचा वास, पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं, त्यात ट्यूब फिरवत बुडबुडे शोधणारे वडील. एका मोडक्या सायकलीबरोबर कुणीतरी पोट फुटलेली एक साधी गिटार तिथं टाकून गेलं होतं. मी तिच्या बारीक तारा काढल्या. फुटलेल्या जागी सुताराकडून आणलेला सरस लावला. सरस उकळताना ओल्या कातड्यासारखा वास सुटतो. आईनं स्टोव्ह उचलून परसात नेऊन ठेवला आणि म्हणाली, "हे काय ते तिकडं शिजव." जाड तार कुठं मिळेना म्हणून चौथ्या खुंटीला ब्रेकची तार बांधली. वडिलांनी ती बघितली.

"ब्रेकची तार गिटारीला लावलीस," म्हणाले, "आता तू थांबणार कशानं?"

दुकानात बसलेले सगळे हसले. मीही हसलो.

ती तार वाजायची नाही, खरखरायची. पण गिटारीचं पोट छातीला दाबून वाजवलं की तिचा आवाज हाडांतून वर यायचा. बाकीची वाद्यं कानाला लागतात, बेस पायाखालच्या फरशीला लागतो. मला ते बरं वाटायचं. मी मुळातच मागं उभा राहणारा माणूस. गाणारा पुढं असतो, ढोलकीवाला मान हलवतो, बेंजोवाल्याच्या बोटांकडं बायका-पोरं बघत राहतात. बेसवाल्याकडं कुणी बघत नाही. बघत नाहीत म्हणून त्याला काही चेहराही करावा लागत नाही.

केडगावातच एका हळदीला ती वाजवत होतो. गाणं ऐन रंगात आलं आणि तारांच्या ताणानं गिटारीची घोडी, तारा टेकतात ती पट्टी, उखडली, उडाली ती थेट पुढं बसलेल्या करवलीच्या ताटात. बुंदीत. करवली किंचाळली. त्या दिवशी कुठल्याशा पार्टीबरोबर आलेला एक काळासा, उंच पोरगा शेजारी बेंजो वाजवत होता. मी त्याला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. हात न थांबवता, माझ्याकडं न बघता तो म्हणाला, "ये केडगाव, तुझा दात पडला बग. उचल."

तो भानू. त्या दिवसापासून त्याच्या तोंडी माझं नाव केडगाव. माझं खरं नाव त्यानं कधी उच्चारलं असेल तर मला आठवत नाही.

बेंजो म्हणजे आपला देशी, टाइपरायटरसारख्या बटणांचा. एका हातानं बटणं दाबायची, दुसऱ्या हातातल्या नखीनं तारा छेडायच्या. लग्नाच्या वरातीत तो नुसता कर्कश वाजतो. भानूच्या हातात तो बोलायचा. बटण दाबून लगेच सोडायचा नाही, जरा रेंगाळायचा. एखादी म्हातारी बोलता बोलता मध्येच दम घेते तसं.

आमची पाच जणांची पार्टी झाली तेव्हा दुसरी गिटार आली. ही खरी बेस. कलकत्त्याहून ट्रान्सपोर्टनं आलेली, पेटीत गवत भरलेलं. लाल. किराणा दुकानातल्या बरणीत असते त्या गोळीसारखी लाल. व्हार्निशचा वास इतका उग्र की मी आठवडाभर ती उशाशी घेऊन झोपलो आणि डोकं दुखलं. वजनदार होती. वडिलांनी सायकलच्या ट्यूबचा पट्टा करून दिला, तो घामानं मानेला चिकटायचा आणि काढताना चर्र आवाज व्हायचा.

तिच्यासाठी कव्हर भानूच्या आईनं शिवलं. साखरेच्या पोत्याचं, आतून जुन्या लुगड्याचं अस्तर. मी त्यांच्या गावी गेलो होतो. दसऱ्यानंतर ते गाव निम्मं रिकामं व्हायचं, घराघराला कुलपं, राखणीला म्हातारी माणसं. बाकी सगळे ऊसतोडीला. पण मी गेलो तेव्हा उन्हाळा होता, माणसं परतलेली होती, पऱ्हाट्यांच्या जाळाचा धूर होता आणि भाकरी थापल्याचा आवाज घराघरातून येत होता. मावशी ओट्यावर पोतं पसरून गोधडीच्या टाक्यांनी ते शिवत होत्या.

"हे रं काय म्हनायचं?" त्यांनी गिटारीकडं हनुवटी केली.

"ही बेस गिटार आहे, मावशी."

"बेस हाय?" त्यांनी सुई पोत्याला टोचून ठेवली. "बेस हाय तर बरंच हाय की. मंग माझ्या भानूचा बेंजो काय वंगाळ हाय व्हय?"

भानू हसून हसून ओट्यावरून खाली घसरला.

आमच्याकडं बेस म्हणजे छान. भाकरी बेस झाली, पाऊस बेस झाला, सून बेस मिळाली. नगरच्या बाजारात मी बेस म्हणालो तर लोक ह्याच अर्थानं मान हलवायचे, आणि पार्टीत ही रोजची गंमत होऊन बसली. आमचा निवेदक ती स्टेजवरून करायचा. "आमच्यात सगळेच बेस वाजवतात, मंडळी, पण बेस वाजवणारा हा एकटाच!" टाळ्या पडायच्या. चार वर्षं गावोगाव आम्ही ह्या एका शब्दावर हसलो. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो आहे. पुढं जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तर तो फसला असं म्हणता आलं असतं. मला तसं म्हणता येत नाही.

टेम्पोत मागं वाद्यांमध्ये बसून जायचो. ताडपत्रीचा तापलेला वास, धूळ, कुणीतरी सोललेल्या मोसंबीचं साल. कुठं कारखान्याचा भोंगा ऐकू आला की भानू कान टवकारायचा.

"काळी दोन," म्हणायचा. "गेल्या साली काळी एकला हुता. चढला बग कारखाना."

आणि खरंच बेंजो त्या सुरात लावायला घ्यायचा. मी म्हणायचो, अरे भोंग्याला कुठला सूर. तो म्हणायचा, "आमी लहानपनापास्नं त्याच्यावरच उठतो, झोपतो, जेवतो. आमाला नको शिकवू."

तो दिवस मोळीचा होता. दरवर्षी गळीत सुरू होताना उसाची पहिली मोळी पूजा करून गव्हाणीत टाकतात, तिथून ऊस आत ओढला जातो. ह्याच कारखान्याच्या आवारात मांडव होता. झेंडूची तोरणं, नारळ, कडक इस्त्रीचे कपडे, आणि बाजूला एकामागं एक लागलेल्या बैलगाड्या. बैलांची शिंगं रंगवलेली. उसाच्या हिरव्या वाढ्यांचा ओला, गोडसर वास सगळ्या आवारात साचला होता. भानूचे आई-वडील टोळीबरोबर आदल्या दिवशीच पोचले होते. पलीकडच्या माळावर त्यांच्या कोप्या उभ्या राहत होत्या, बांबू आणि पाचटाच्या. भानू सकाळपासून तिकडंच होता, मेढी धरू लागत. वाजवायच्या वेळेला हातावर माती घेऊनच आला.

सकाळचे अकरा वाजले असतील. पाहुणे बसले आणि आमची गाणारी बाई पोचलीच नव्हती. एसटी कुठं बंद पडली होती. निवेदक घामाघूम झाला. "भान्या, काहीतरी वाजव रे," म्हणाला, "पाच मिनिटं ओढ."

भानूनं आई जात्यावर म्हणायची ती ओवी वाजवायला घेतली. एकट्यानं. ढोलकी नाही, काही नाही. मी शेजारी लाल गिटार गळ्यात अडकवून उभा होतो. एक स्वर वाजवला नाही. उजव्या हाताचा पंजा चारही तारांवर पालथा दाबून ठेवला होता, चुकूनसुद्धा त्यांनी हुंकार देऊ नये म्हणून. त्याच्या त्या वाजवण्यात माझा वाटा एवढाच, गप्प राहण्याचा.

गाड्यांच्या बाजूनं दोन-तीन बायकांनी ओवी धरली. पार हळू. माणसं मोळीकडं बघत होती, हार घेऊन पुढं सरकत होती, खुर्च्या ओढल्याचे आवाज होत होते. वाजवून झाल्यावर टाळ्या पडल्या नाहीत, कारण त्याच वेळी कुणीतरी नारळ फोडला आणि सगळे तिकडं वळले. भानूनं बेंजो पिशवीत घातला आणि बैलांना पाणी पाजायला गेला.

मी स्टेजमागं वायर गुंडाळत होतो. लेबर ऑफिसातले एक गृहस्थ आले. ते पंगतीच्या व्यवस्थेत होते, मनगटाला अजून वरणाचा डाग होता. आमच्यातल्या कुणालाच त्यांनी वाजवताना बघितलेलं नव्हतं. खिशातून डायरी काढली.

"आमच्या मोठ्या साहेबांनी विचारलंय. तुमच्यात बेस कोण वाजवतं?"

"मी," मी म्हणालो.

इथपर्यंत मी निर्दोष आहे. चार वर्षं ह्या प्रश्नाला हेच उत्तर देत आलो होतो. त्यांनी नाव विचारलं, मी सांगितलं. गाव, केडगाव. शिक्षण, बारावी. ते लिहीत होते आणि लिहिता लिहिता बोलत होते.

"नशीब काढलंस गड्या. ते जात्यावरचं वाजवलंस ना, साहेब डोळे पुसत होते. म्हणाले, ह्या पोराला आपल्याकडं घ्या. कायम. कलापथक काढायचंय कारखान्याचं."

तेव्हा मला कळलं. कळायला काहीच वेळ लागला नाही. वीस पावलांवर नळाखाली बादली धरून भानू उभा होता, शीळ घालत. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. आणि भोंगा झाला. ते गृहस्थ कानांवर हात ठेवून, डायरी बगलेत धरून उभे राहिले. भोंगा थांबला तोवर माझं तोंड मिटलं होतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि गेले.

का, ते मला विचारू नका. मी स्वतःला खूप विचारून बघितलं आहे. आणि भोंग्यावर ढकलायला गेलो तर भोंगा मिनिटभराचाच असतो.

नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा भानूनं मला खांद्यावर उचललं. "आमच्यातला एक तरी सुटला," असं ओरडत दुकानासमोर दोन चकरा मारल्या. मावशींनी माझ्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवली. साहेब पुढं दोनदा भेटले. "काय, कसं चाललंय?" म्हणाले. एवढ्या मोठ्या कारखान्यात माझ्या चेहऱ्याकडं बघून त्यांना तो सूर आठवेल अशी मला प्रत्येक वेळी भीती वाटली. त्यांना काही आठवलं नाही.

तिसरी गिटार नोकरीत कायम झाल्यावर आली. जपानी, वापरलेली, परदेशी निघालेल्या पुण्याच्या एका वादकाकडून. मधाच्या रंगाची. तिची मान हातात घेतली की विळ्याची जुनी मूठ धरल्यासारखी वाटायची, दुसऱ्या कुणाच्या तरी हातानं गुळगुळीत केलेली. आवाज तर असा की खालची तार सोडली तर फडताळातल्या पेल्यांना कंप सुटायचा. माझ्याकडच्या चारांत हीच खरी वाद्य म्हणण्यासारखी. ती मी बाहेर कधी वाजवली नाही. कलापथकाला लाल गिटारच न्यायचो. बायको म्हणायची, "ही काय देव्हाऱ्यात ठेवायची आहे का?"

पुढच्याच वर्षी भानूचं लग्न झालं. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकट्या माणसाचा अर्धा कोयता. अर्ध्याला टोळीत कोण घेतो? तर भानूचा कोयता पुरा झाला आणि तो ह्याच कारखान्यावर यायला लागला. माझ्या क्वार्टरपासून हाकेच्या अंतरावर त्यांची कोपी. कलापथकाचा कार्यक्रम नसला की मी टाइम ऑफिसात हजेरी लिहीत खुर्चीवर, आणि तो उसाच्या वजनकाट्यावर गाडीच्या रांगेत, उन्हात, बैलांच्या वेसणी धरून. बारा हंगाम.

सुट्टीच्या दिवशी घरी यायचा. बायको बंबात पाणी तापवायची. अंघोळ करून, खोबरेल तेल लावून तो दिवाणावर बसायचा आणि जपानी गिटार मांडीवर घ्यायचा. उसाच्या पानांनी बोटं चिरलेली, रसानं काळी पडलेली, टोकं लाकडासारखी. तार दाबायला जायचा आणि बोट सरकायचं.

"बेस हाय," म्हणायचा. कुठल्या अर्थानं ते मी विचारायचो नाही.

"बेंजो आणत जा की इकडं," एकदा बायको म्हणाली त्याला.

"त्याच्या किल्ल्या गंजल्या, वहिनी." मग बोटं उघडझाप करून बघितली. "ह्यांच्याबी."

एकदा सांगायचा प्रयत्न केला. काट्यावर रांग हलत नव्हती. मी चहा घेऊन गेलो, गाडीच्या सावलीत उकिडवा बसलो. म्हणालो, "भानू, त्या मोळीच्या दिवशी..."

"लई दिस झालं त्याला," तो म्हणाला. "हा कासरा धर जरा, मी मुतून येतो."

मी कासरा धरून उभा राहिलो. तो आला तेव्हा रांग पुढं सरकली होती.

चौथी काळी, पाच तारांची. अलीकडची. ती का घेतली हे नीट सांगता येणार नाही. कलापथक तोवर नावालाच उरलं होतं. एका गणपतीत ती घेऊन उभा राहिलो तर कीबोर्डवाला नम्रपणे म्हणाला, "काका, बेस माझ्या डाव्या हातातच असतो. तुम्ही टाळ्या द्या." मी टाळ्या दिल्या. तालात दिल्या. सवय असते.

तर अशा चार. बायकोच्या फोननंतर मी जमिनीवर बसून एकेक पुसली. लाल गिटारीच्या कव्हराचा वास घेतला. साखरेचा नाही, मावशींच्या घराचा नाही, नुसत्या जुन्या तागाचा. मावशी जाऊन कैक वर्षं झाली. मग उठलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पाथर्डीची गाडी धरली. गिटार न्यावी असं मनात आलं होतं, पण ती लाच झाली असती. मोकळ्या हातानं गेलो.

पाथर्डीतून जीप, मग फाट्यावरून चालत. भानू आता तोडीला जात नाही, पाठ गेली. घरापुढं पत्र्याच्या सावलीत शेंगा फोडत बसला होता. दोन शेळ्या टरफलांवर टपून.

"ये केडगाव! रिटायर झाला म्हनं? ढेरी तर आधीच झाली हुती." मग आत आवाज दिला, "अगं, केडगाव आलाय. शेंगुळं टाक."

मी त्याच्यासमोर बसलो. शेंगा फोडायला घेतल्या, हातांना काहीतरी हवं म्हणून. आणि सांगितलं. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा जमलं नसतं, म्हणून एका दमात. डायरी, वरणाचा डाग, मी म्हणालेला 'मी', जात्यावरचं, भोंगा. भानू शेंगा फोडत राहिला. दाणे एकीकडं, टरफलं एकीकडं.

"त्या मानसानं जात्याचं नाव घेतलं?" त्यानं विचारलं.

"घेतलं."

"आन तू ऐकलं."

"ऐकलं."

शेळीनं दाण्यांत तोंड घातलं. त्यानं तिला हाकललं नाही.

"साहेबाच्या डोळ्यात खरंच पानी आलं हुतं?"

"ते गृहस्थ तसं म्हणाले."

"मला कुनी सांगितलंच न्हाई," भानू म्हणाला. आवाज चढला नव्हता. उलट पार खाली गेला होता. "मला वाटलं त्या दिशी कुनी ऐकलंच न्हाई. समदे मोळीकडं बगत हुते. जीव लावून वाजवलं हुतं मी, आन नारळ फुटल्यावर समदे तिकडं पळाले. म्हनलं, आपलं वाजवनं काय एवढं न्हाई. तव्हाच ठिवला बेंजो."

मी इतकी वर्षं नोकरीकडं बघत होतो. ते क्वार्टर, ती खुर्ची, काट्यावरचं ऊन, हे सगळं मी रोज मनात उलटंपालटं केलं होतं. ह्या गोष्टीकडं माझं लक्षसुद्धा गेलं नव्हतं.

"भानू..."

"हिला सांगू नको," त्यानं आतल्या बाजूला मान केली. "बारा हंगाम तिनं मोळ्या वाहिल्या डोक्यावर. नशीब म्हनून वाहिल्या. आता मदी तुझं नाव आलं, तर तिला त्या परत उचलाव्या लागत्याल. ह्या वयात."

"नाही सांगणार."

"तू मोकळा व्हायला आला. व्हय का न्हाई?"

"हो."

"मंग? झाला का?"

मी आणखी एक शेंग फोडली. आतून ठेचलेल्या लसणाचा आणि हुलग्याच्या पिठाचा वास येत होता.

"येऊ नको असं म्हनत न्हाई मी," तो म्हणाला. "पर लगीच येऊ नको."

भानूची बायको, आमच्या वहिनी, ताटं घेऊन आल्या. शेंगोळे, बाजरीची भाकरी, कांदा. "काय एवढं गुलूगुलू चाललं हुतं?"

"पार्टीचं. जुनं," भानू म्हणाला.

"मला काय कळतंय त्यातलं. मी तर ह्यांना वाजवताना कधी बगितलंबी न्हाई." माझ्या ताटात त्यांनी आणखी एक पळी वाढली. "खावा, भाऊजी. तिकडं शेरात कुठं मिळतंय."

मी खाल्लं. सगळं खाल्लं. भानूनंही खाल्लं, सावकाश, प्रत्येक घास बघून.

दर वेळी तो फाट्यापर्यंत पोचवायला यायचा. ह्या वेळी बसूनच राहिला. "पाठ धरलीया," म्हणाला. वहिनीच निघाल्या, शेळ्या सोडायच्याच होत्या. वाटेत त्यांनी पदराखालून शेंगांची गाठोडी काढून माझ्या हातात कोंबली. नको म्हणायची माझी हिंमत नव्हती.

"तुमी आला की ह्यांना बरं वाटतं," चालता चालता म्हणाल्या. "दोन-चार दिस बोलत्यात मग. एरवी तोंडातून शबूद न्हाई."

जीप आली. मी मागच्या बाजूनं चढलो आणि वळून म्हणालो, "येतो, वहिनी."

निघताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं, ही आपली रीत. त्यावर समोरच्यानं 'या' म्हणायचं असतं आणि गाडी हलते. वहिनी 'या' म्हणाल्या नाहीत. उन्हासाठी डोळ्यांवर हात धरून त्यांनी विचारलं, "कव्हा?"

जीपवाला आणखी एका माणसासाठी थांबला होता. तो माणूस लांबून, सावकाश चालत येत होता. तेवढा वेळ वहिनी उत्तरासाठी तिथंच उभ्या होत्या.